मोठ्या चाकांचा आवाज

स्केटिंग शिकवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. तुम्हाला स्वतःला येतं का, हा एक. आणि याचे दहावीला मार्क मिळतात का, हा दुसरा. लातुरात दुसरा प्रश्न नेहमी आधी येतो. पहिला बऱ्याचदा येतच नाही, आणि हे माझ्या पथ्यावरच पडलं, कारण कितीतरी वर्षं मी शिट्टी गळ्यात अडकवून साध्या बुटांवरच उभा असायचो.

मी मूळचा हदगावकडचा. लातूरच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. माझं खरं शिक्षण लेझीम आणि कबड्डीचं. एका वर्षी स्नेहसंमेलनात पोरांना चाकांवर नाचवायची टूम निघाली आणि शाळेने स्केट्सचे जोड आणले. ते शिकवणार कोण? मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही लेझीम शिकवताच, मग हेही शिकवा, पाय तेच आहेत. संमेलन झालं, पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या गळ्यात स्केटिंगचा क्लास पडला तो कायमचा.

आता लेझीमवाल्याने स्केटिंग शिकवायचं तर कसं शिकवणार? ताशावर. आमच्या लेझीम पथकाला इमामभाई ताशा वाजवायचे. त्यांच्या घराण्याचा बँड लातुरात जुना. देवणीपासून मुदखेडपर्यंत वराती वाजवून आलेला माणूस. मी त्यांनाच स्केटिंगच्या वर्गाला बसवलं. ठोका पडला की डावा, ठोका पडला की उजवा. नांदेडचे एक प्रशिक्षक माझे मित्र होते, ते म्हणायचे, "तुमची पोरं शर्यतीला आलीत की वरातीला?" पण बॅडमिंटनच्या हॉलएवढ्या जागेत, लहान चाकांवर, भरभर पावलं टाकणारी आमची पोरं जिल्ह्यात पदकं घेऊन यायची. इमामभाई प्रत्येक पदकाकडे आपल्याला मिळालेल्या बक्षिसीसारखं पाहायचे.

मग मोठी चाकं आली आणि आमचं गणित बिघडलं.

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या स्केट्सना बैलगाडीसारखी दोन्हीकडे चाकं असत. नंतर एका ओळीत चाकं असलेले स्केट्स आले, ते आधी लहान चाकांचे. शर्यतीसाठी पुढे चाकं वाढत गेली, पार चहाच्या बशीएवढी झाली. चाक मोठं झालं की पाय जमिनीपासून वर जातो. त्यात शर्यतीचा बूट घोट्याच्या खालीच संपतो, म्हणजे उंची वाढली आणि आधार मात्र गेला. घोटा आत कलंडतो, पोटऱ्या भरून येतात. सुरुवातीला वेग घ्यायला मोठं चाक फार जड. पण एकदा वेगात आलं की खड्डा, खडी, भेग कशालाही मोजत नाही, जातच राहतं. शर्यतीच्या स्केटला ब्रेकही नसतो. मागचा पाय आडवा घासत थांबायचं, आणि मोठ्या चाकांवर ते ठरवायचं फार आधी.

आमच्याकडे असा पहिला जोड आला तो गौरीचा. नववीतली पोरगी, अंगाने बारीक, पण जिद्दीची. तिच्या वडिलांचं ट्यूशन एरियात झेरॉक्सचं दुकान. अख्ख्या मराठवाड्यातून डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांच्या नोट्स त्यांच्या मशीनमधून निघायच्या, त्यामुळे कोणत्या क्लासचं काय चाललंय हे त्यांना क्लासवाल्यांपेक्षा आधी कळायचं. त्यांनी मला सरळ सांगितलं. गौरीची फाउंडेशन बॅच सकाळची आहे, स्केटिंगही सकाळचं. नांदेडच्या विभागीय स्पर्धेतून ती राज्यासाठी निवडली गेली तर आणखी एक वर्ष खेळू दे. नाही गेली तर स्केट्स माळ्यावर. माणूस काही दुष्ट नव्हता. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित तेवढंही वर्ष दिलं नसतं.

गौरीच्या आईचं मात्र वेगळंच होतं. त्या कधी मैदानात यायच्याच नाहीत. पोरीला सोडायच्या आणि पाठ फिरवून रिक्षात बसून राहायच्या. मला वाटायचं, पोरगी पडेल म्हणून भितात. बहुतेक आया भितात.

नवे स्केट्स घातले आणि गौरी हळू झाली. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. महागडी चाकं, मोठी चाकं, आणि पोरगी कालच्यापेक्षा मागे. तिच्याहून दोन वर्षांनी लहान पोरं तिला ओलांडून जायला लागली. हॉलमध्ये तर चाकांना वेग यायच्या आतच भिंत यायची. रिंगरोडवर ट्रक. कॉलेजच्या रस्त्यावर ट्यूशनच्या सायकली. शेवटी गौरीच म्हणाली, "सर, माझ्या मामाच्या गावाला रस्ता हाय. लई रुंद. कुणीच नसतंय."

तिच्या मामाचं गाव भूकंपानंतर नव्याने वसवलेलं. ज्यांनी ही गावं पाहिली आहेत त्यांना रुंद म्हणजे काय ते कळेल. आखून दिलेले चौकोन, एकमेकांपासून लांब लांब घरं, आणि मधून शहरालाही लाजवतील असे रस्ते. गावकऱ्यांना त्या रुंदीचं काही कौतुक नव्हतं. जुन्या गावात या ओट्यावरून त्या ओट्यावर भाजीची वाटी हाताने देता यायची, इथे हाकसुद्धा अर्ध्यात विरते, असं मामा म्हणायचे. अलीकडे त्यातल्या मोठ्या रस्त्यावर सिमेंट झालं होतं. मी तो रस्ता पाहिला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. एवढं सरळ, सपाट, रिकामं सिमेंट आमच्या जिल्ह्यात आहे आणि त्यावर फक्त शेळ्या बसलेल्या.

पहिल्या रविवारी आम्ही पहाटेच पोचलो. तोवर आणखी चार-पाच पोरांनी मोठी चाकं घेतली होती. गौरीची आई माहेर म्हणून सोबत आलेली, भावाच्या अंगणात चहा घेत बसली. इमामभाईंना त्या दिवशी कुठेतरी हळद होती, ते नव्हते. मी पोरांना एका ओळीत उभं केलं, शिट्टी दिली आणि पोरं सुटली.

लहान चाकं सर्र आवाज करतात. मोठ्या चाकांचा आवाज खालच्या पट्टीतला असतो. सगळी पोरं एकत्र सिमेंटवर धावली की तो आवाज कानाला कमी आणि तळपायाला जास्त कळतो. मला ते माहीत होतं, मला तो आवडायचासुद्धा. त्याचा अर्थ त्या गावात काय होतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दारं उघडली. एकापाठोपाठ एक, सगळ्या रस्त्याची. बाया पोरं काखेला मारून बाहेर, म्हातारी माणसं अनवाणी, एक जण अर्ध्या दाढीला साबण लावलेला. कुणी ओरडत नव्हतं, ते जास्त भयंकर होतं. सगळे येऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, भिंतींपासून लांब, जणू कुणी कवायत शिकवली होती. त्यांच्यात गौरीची आई होती, हातात भावाचा धाकटा, पदर सुटलेला. पोरं कशीबशी थांबली, दोघं पडली.

नंतर मला कळलं ते असं. भूकंप आला तेव्हा आधी जमिनीतून आवाज आला होता. त्या भागात अजूनही अधूनमधून जमीन गुरगुरते, पेपरात 'गूढ आवाज' म्हणून बातमी येते, आणि त्या रात्री कुणी आत झोपत नाही. मी गौरीच्या आईजवळ गेलो. म्हटलं, ताई, तुम्हाला तर माहीत होतं ना, आमची पोरं आहेत म्हणून.

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं, सर. पायाला माहीत नव्हतं."

तेव्हा मला त्या रिक्षात पाठ फिरवून का बसतात ते समजलं. भूकंपाच्या वेळी त्या गौरीपेक्षाही लहान होत्या. घराच्या ढिगाऱ्यातून त्या आणि त्यांचा भाऊ, एवढेच जिवंत वर आले. तेव्हापासून त्या चार भिंतींच्या आत झोपलेल्या नव्हत्या. लातुरातसुद्धा थंडीत, पावसात, ओसरीवर नाहीतर उघड्या दाराच्या उंबऱ्याशी. त्यांच्या लेखी पोरगी पडण्याचा प्रश्नच नव्हता. पायाखालचं हलतं आहे, आणि पोरगी आपण होऊन त्यावर उभी आहे, हे त्यांना बघवत नव्हतं.

पोलीस पाटील संतापून आले. चार शब्द सुनावले, ते मी खाली मान घालून ऐकले. बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष गौरीच्या पायाकडे गेलं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, तिच्या स्केटचं चाक बोटाने फिरवलं आणि ते थांबायची वाट पाहत राहिले. चाक थांबेना. त्यांनी दुसरं फिरवलं. हळूहळू भोवती गर्दी जमली, प्रत्येकाला एकेक चाक फिरवून पाहायचं होतं. "ह्याच्यात तेल घालतेत का?" "बेरिंग हाय व्हय?" भीती गेल्यावर माणूस एवढा चौकस होतो, हे मी तिथे पाहिलं.

शेवटी तोडगा निघाला. खेळा, पण आधी वर्दी द्या. वर्दी म्हणजे ताशा. ताशा वाजतोय तोवर गावाला कळेल की पोरं आहेत. ताशा बंद म्हणजे चाकंही बंद. मी खूश झालो. ताशा तर आमच्या घरचाच होता.

इमामभाई दर रविवारी टेम्पोत बसून यायला लागले. गावानेही त्यांना डोक्यावर घेतलं. वाजवायचे मन लावून, आणि चहा इतक्या घरचा व्हायचा की परतताना म्हणायचे, "मास्तर, वरातीत एवढी इज्जत न्हाई." सगळं छान चाललं होतं, फक्त गौरीचा वेग वाढत नव्हता. ठोका पडला की ती पाऊल टाकायची, अगदी बिनचूक. दिसायला देखणं. पण मोठी चाकं जणू दर ठोक्याला कुणीतरी दावं ओढून थांबवत होतं. मी तिचा घोटा पाहिला, गुडघा पाहिला, चाकांची अदलाबदल केली, बेरिंग पेट्रोलमध्ये धुतले. काही उपयोग नाही. पोरगी टेम्पोत खिडकीकडे तोंड करून बसायची.

शेवटी नांदेडच्या त्या प्रशिक्षक मित्राकडून त्यांचे स्वतःचे मोठ्या चाकांचे स्केट्स मागून आणले. पायात सुती मोजे कोंबले आणि पन्नाशी ओलांडलेल्या वयात त्या रस्त्यावर उभा राहिलो. लहान चाकांवर मी कधीमधी, कुणी नसताना उभा राहायचो, तेवढीच पुंजी. सारं गाव बघायला आलं, हे सांगायला नकोच. उभा राहिलो आणि पहिली गोष्ट कळली ती उंची. आपलेच पाय आपल्याला परके वाटतात. इमामभाईंनी ठोका धरला. डावा, उजवा, डावा, उजवा. दर पावलाला मी लटपटत होतो, दमत होतो, आणि पुढे मात्र फारसा सरकत नव्हतो. गौरीला काय होत असेल ते मला पोटरीतून कळायला लागलं.

रस्त्याला पुढे थोडा उतार आहे. तिथे माझा वेग वाढला आणि समोर मधोमध एक शेळी. इमामभाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. ताशा बंद पडला. माझा उजवा पाय पुढच्या ठोक्याची वाट पाहत हवेतच राहिला. ठोका येईना. मी एका पायावर जात राहिलो. शेळी उठून गेली. मी अजून जातच होतो. मामांचं घर गेलं, पाण्याची टाकी गेली, एकाच ढकलणीवर. अरे, याला पाऊल नकोच आहे, याला सवड हवी आहे, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा रस्ता संपत आला होता. मग मी पोलीस पाटलांच्या कडब्याच्या गंजीत शिरून थांबलो, कारण दुसरा मार्ग मला येत नव्हता.

कडबा झटकत मी इमामभाईंना मिठीच मारली. त्यांना वाटलं, जीव वाचला म्हणून. मी सांगितलं, आपला ताशाच आडवा येतोय. लहान चाकाला ठोका मानवतो. मोठं चाक एका ढकलणीवर जितकं लांब जाऊ पाहतं तितकं जाऊ द्यायला हवं, आणि आपण मधेच दुसरं पाऊल मागतो. लेझीमवाला आणि बँडवाला, दोघांनी मिळून पोरीला इतके दिवस जखडून ठेवलं होतं. इमामभाईंनी ताशाच्या काड्या पिशवीत टाकल्या. "वाजवायला मला सारे सांगतात," ते म्हणाले, "थांबायला आज पैला माणूस सांगायलाय." वाईट वाटलं होतं त्यांना, मलाही वाटलं. पण लगेच म्हणाले, पोरगीला एकदा तसं पळवून बघू.

तसं पळवायचं तर ताशा बंद करायला हवा, आणि ताशा बंद तर चाकं बंद, ही गावाची अट. नांदेडची स्पर्धा तोंडावर आलेली. समाजमंदिरात माणसं बसली. मी कडब्याच्या गंजीसकट सगळं समजावून सांगितलं, लोक हसले, पण अट सोडायला कुणी तयार होईना. पोलीस पाटील म्हणाले, मास्तर, तुमचं बराबर हाय, पण बिनताशाचा तो आवाज आला तर आमची म्हातारी माणसं पुन्हा पळतेल, एखादं पडून मरंल. गौरी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि गुपचूप स्केट्स पिशवीत भरायला लागली.

गौरीची आई बायकांच्या मागे बसलेली. तिथूनच म्हणाली, "ताशा ठिवा बाजूला. चौकात मी हुबी ऱ्हाते."

समाजमंदिरातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मला बाहेरच्याला त्यात एवढं काय ते कळायला वेळ लागला. त्या गावात आवाज झाला की सगळ्यात आधी पळणारी बाई ती, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. तीच चौकात उभी दिसली, तर पळण्यासारखं काही नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. पोलीस पाटलांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि एवढंच म्हणाले की मग हुबी ऱ्हा बाई.

पुढच्या रविवारी त्या खरंच उभ्या राहिल्या. चौकात विजेचा खांब आहे, त्याला एका हाताने धरून. मी शिट्टी दिली आणि लांबून तो आवाज येऊ लागला. दारं उघडली, माणसं उंबऱ्यावर आली, पण कुणी पोरांकडे पाहत नव्हतं, सगळे त्या बाईकडे पाहत होते. त्यांनी डोळे मिटले होते. खांबावरचा हात पांढरा पडलेला. पोरं आली, गेली. माणसं परत आत गेली, कुणीतरी रेडिओ लावला. पहिल्या काही चकरांना गौरी सवयीने घाईच करत होती. मी ओरडत होतो, थांब, जाऊ दे, जाऊ दे त्याला. मग एका चकरेला तिने पाय ढकलला आणि दुसरा पाय शेजारी घेऊन नुसती राहिली. चौकापासून टाकीपर्यंत ती एका रेषेत गेली. तिच्या आईने डोळे उघडले ते त्या वेळी.

नांदेडला गौरी सुटताना सगळ्यांच्या मागे होती. मोठं चाक ते, वेग घ्यायला वेळ घेणारच. मी शिट्टी दातात धरून उभा. अर्ध्या शर्यतीनंतर पुढच्या पोरींची पावलं भरभर पडायला लागली, त्या दमत होत्या. हिची पावलं उलट लांबत गेली. तिसरी आली आणि राज्यासाठी निवडली गेली. वडील दुकान बंद करून आले होते. त्यांनी मला पेढा दिला आणि विचारलं, "सर, मार्क किती?" मी सांगितल्यावर हसले, म्हणाले, विचारायला लागतंय, नाहीतर घरी दुकान कशाला बंद केलं म्हणतील. शब्दाला मात्र जागले. आणखी एक वर्ष दिलं.

पुढचंही सांगून टाकतो. राज्यस्तरावर गौरी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. दहावीनंतर तिने स्केट्स सोडले, आमच्याकडे सगळेच सोडतात. आमच्या लातूरने डॉक्टर किती घडवले याचे फलक चौकाचौकात आहेत. त्यांच्यातली किती पोरं नववीपर्यंत वाऱ्यासारखी पळायची हे मला विचारा. त्याची मला खंत आहे, आणि ती मी लपवत नाही.

पण मनात राहिला आहे तो राज्य स्पर्धेआधीचा एक रविवार. थंडी होती, धुकं उतरलेलं. आम्ही चकरा सुरू केल्या आणि चौकात पाहिलं तर खांबाशी कुणी नाही. इतक्या रविवारांत असं झालं नव्हतं. मी लगबगीने मामांच्या घराकडे गेलो, मागोमाग गौरी चाकांवरच. मामा अंगणात उभे होते. त्यांनी बोलायच्या ऐवजी हात वर करून मला थांबवलं आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

त्या आत होत्या. भिंतीला लागून, सतरंजीवर, पांघरूण डोक्यापर्यंत घेऊन, चार भिंतींच्या आत, छपराखाली. गाढ झोपलेल्या. बाहेर रस्त्यावरून आमची पोरं गेली, तो आवाज फरशीतून आला, माझ्या तळपायाला कळला. पांघरूण हललं नाही.

मी वळलो आणि पोरांना थांबवायला शिट्टी तोंडाला लावली. गौरीने चौकट धरून तोल सावरला आणि माझा हात खाली ओढला.

"नका थांबवू, सर," ती कुजबुजली. "आवाज बंद झाला की ती उठंल."

शिट्टी खिशात घातली. त्या दिवशी पोरं थकली तरी आम्ही चकरा मारत राहिलो.